भटारखान्याचा सेनापती

दूरचित्रवाणीवर व्यावसायिक शेफ मंडळींच्या पाककौशल्याच्या स्पर्धा रंगतात. त्यांतले हुद्दे, कामाची वाटणी, वेळेचा धाक आणि ताटाची मांडणी या साऱ्यांमागे एका फ्रेंच लोहाराच्या मुलाचे दीर्घ आयुष्य उभे आहे. ऑग्यूस्त एस्कोफिए यांनी स्वयंपाक्याला समाजात मान मिळवून दिला. मात्र ज्या गोष्टीवर त्यांचा सर्वाधिक कटाक्ष होता, तीच पडद्यावर सर्वांत कमी दिसते.

एक प्रशस्त स्वयंपाकघर. भिंतीवर मोठे घड्याळ. पांढऱ्या कोटातले स्वयंपाकी आपापल्या ओट्याशी उभे. कोणी माशावर, कोणी सॉसवर, कोणी गोड पदार्थावर झुकलेला. शेवटची काही मिनिटे उरतात, आवाज चढतात, भांडी आदळतात आणि परीक्षकांसमोर ताटे येतात. जपानच्या फुजी वाहिनीवर 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्न शेफ’ने साठ मिनिटांच्या झुंजीचा हा थरार घराघरांत नेला. अमेरिकेत 2006 मध्ये ‘टॉप शेफ’ आली आणि ब्रिटनमध्ये बीबीसीने 2008 मध्ये खास व्यावसायिकांसाठी ‘मास्टरशेफ’चे वेगळे रूप आणले. घरच्या हौशी सुगरणींच्या स्पर्धेहून हा प्रकार निराळा. इथे उतरणाऱ्याची रोजीरोटीच चुलीवर अवलंबून असते, आणि हरला तर सहकाऱ्यांदेखत हरतो.

या स्पर्धांत कोणी कोणाला काय म्हणावे, कोणाच्या हाताखाली कोणी राबावे, ताट शेवटी कोणाच्या नजरेखालून जावे, हे सारे ठरलेले असते. ही घडी कोणा निर्मात्याने बसवलेली नाही. ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलाच्या तळघरात पक्की झाली, आणि ती बसवणारा माणूस इतका बुटका होता, की भट्टीच्या झळा चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून त्याला उंच टाचांचे बूट घालावे लागत.

जॉर्ज ऑग्यूस्त एस्कोफिए यांचा जन्म 28 ऑक्टोबर 1846 रोजी फ्रान्सच्या दक्षिणेकडील नीस शहराजवळच्या विलन्यव्ह-लुबे या गावी झाला. वडील लोहार. मुलाचा ओढा चित्रकलेकडे आणि शिल्पकलेकडे. परंतु कलेवर पोट भरत नाही, हा हिशेब त्या काळच्या कष्टकरी घरांत वादापलीकडचा होता. तेराव्या वर्षी, म्हणजे 1859 मध्ये, त्याला नीसमधल्या काकांच्या उपाहारगृहात उमेदवारीला धाडण्यात आले. नातेवाईक म्हणून कसलीही सवलत मिळाली नाही. भाजी निवडण्यापासून बाजारहाटापर्यंत सारे करावे लागले आणि मारही खावा लागला.

त्या काळचा हॉटेलातला भटारखाना म्हणजे जिवंतपणी भोगायचा नरकच होता. बहुधा तळघरात, खिडक्यांवाचून, दगडी कोळशाच्या धुरात आणि असह्य उष्णतेत दिवसाचे बारा-चौदा तास काम चाले. तहान भागवायला दारू हाताशी असे आणि दारूपाठोपाठ शिवीगाळ, मारामाऱ्या. धुराने फुप्फुसे निकामी होऊन अनेक आचारी अकाली मरत. वरच्या दालनात झुंबरांखाली मेजवान्या झडत, त्या शिजवणाऱ्यांना मात्र समाज हलक्या नोकरांत गणत असे. या मुलाने तो अपमान जवळून पाहिला. शिल्पकार व्हायचे राहिले ते राहिलेच. पण जो धंदा नशिबी आला त्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, हा निश्चय पुढे त्याच्या साऱ्या आयुष्याला व्यापून राहिला.

1865 मध्ये एस्कोफिए पॅरिसला ‘ल पती मुलँ रूज’ या नामांकित उपाहारगृहात दाखल झाले. पाच वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि त्यांना लष्करी अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकासाठी ऱ्हाइन आघाडीवर जावे लागले. मेत्झ शहराला प्रशियाच्या सैन्याने वेढा दिला. वेढा पडणार हे ओळखून त्यांनी आधीच कोंबड्या, बदके आणि टिकाऊ जिन्नस यांचा साठा केला होता. तो संपल्यावर घोड्याचे मांस शिजवावे लागले; त्याचा कडवटपणा कसा काढावा, हेही त्यांनी शोधून काढले. ऑक्टोबर 1870 च्या अखेरीस मेत्झ पडले आणि त्यांना युद्धकैदी म्हणून जर्मनीत काही महिने काढावे लागले.

या युद्धाने फ्रान्सला पराभव दिला. एस्कोफिए यांना मात्र दोन धडे दिले. टंचाईत काहीही वाया घालवायचे नसते, हा पहिला. दुसरा अधिक मोलाचा. सैन्यात प्रत्येकाचे काम ठरलेले असते, हुकूम एका दिशेने उतरतो आणि जबाबदारी कोणावर हे कधी संदिग्ध राहत नाही. ही रचना भटारखान्यात का आणता येऊ नये? भटारखान्यातल्या माणसांच्या तुकडीला पुढे फ्रेंच भाषेत ‘ब्रिगेड’ हा लष्करी शब्दच चिकटला, हा योगायोग नव्हे.

त्याच दशकात त्यांनी कान येथे स्वतःचे उपाहारगृह काढले आणि एका प्रकाशकाची कन्या, कवयित्री डेल्फीन दाफी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. नशिबाचे खरे वळण 1884 मध्ये आले. माँटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलचे व्यवस्थापक सेझार रिट्झ यांना उत्तम शेफ हवा होता. रिट्झ हे स्वित्झर्लंडमधल्या डोंगराळ खेड्यातल्या शेतकऱ्याचे तेरावे अपत्य. श्रीमंतांना काय हवे असते, हे त्यांना श्रीमंतांआधी कळे. एकाने दिवाणखाना सांभाळावा, दुसऱ्याने चूल, अशी ही जोडी जमली आणि 1890 मध्ये लंडनच्या नव्याकोऱ्या सॅव्हॉय हॉटेलात येऊन पोहोचली.

सॅव्हॉयच्या तळघरात एस्कोफिए यांनी जे घडवले, तोच त्यांच्या आयुष्याचा गाभा होय. तोवर मोठ्या भटारखान्यात प्रत्येक विभाग स्वतंत्र संस्थानासारखा चाले. एकच काम चार ठिकाणी होई आणि एकाच ताटासाठी एकच आचारी आरंभापासून अखेरपर्यंत झटत राही. एस्कोफिए यांनी सारे काम पदार्थाच्या जातीनुसार वाटले. सॉस करणारा सोसिए, भाजण्या-तळण्याचे पाहणारा रोतिस्सर, मासळीचा प्वासोनिए, अंडी-भाज्या-सूप यांचा आंत्रेमेतिए, थंड पदार्थ व साठा सांभाळणारा गार्द-माँजे, गोड पदार्थांचा पातिसिए. प्रत्येकाच्या हाताखाली उमेदवार, वर उपप्रमुख आणि सर्वांवर प्रमुख शेफ. तयार झालेले ताट प्रमुखाच्या नजरेखालून गेल्याखेरीज दाराबाहेर पडायचे नाही.

याचा परिणाम एका उदाहरणावरून ध्यानात येईल. संगीतकार मायरबेअरच्या नावाने ओळखला जाणारा अंड्यांचा एक पदार्थ आहे. एकट्या आचाऱ्याला तो सिद्ध करायला पंधरा मिनिटे लागत. नव्या पद्धतीत एकाने अंडी शिजवायची, दुसऱ्याने त्याच वेळी कोकराचे गुर्दे भाजायचे, तिसऱ्याने ट्रफल घातलेला सॉस तयार ठेवायचा आणि क्षणार्धात तिन्ही एका ताटात यायचे. पाहुण्यापुढे पदार्थ काही मिनिटांत आणि वाफाळता पोहोचू लागला. कारखान्यात श्रमविभागणीने जे साधले, ते चवीला धक्का न लावता चुलीवर साधता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

पण माणसांची नुसती विभागणी करून ते थांबले नाहीत. भटारखान्यात शिवीगाळ बंद. दारू बंद. उष्णतेत घसा ओला ठेवण्यासाठी त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने बार्लीचे पेय तयार करवून घेतले आणि ते चुलीशेजारी कायम ठेवले. कपडे स्वच्छ हवेत आणि कामाबाहेरही आचाऱ्याने नीटनेटके वावरावे, असा दंडक घातला. अल्पशिक्षितांनी फावल्या वेळात शिकावे म्हणून ते पाठपुरावा करीत. वेटरने आणलेली मागणी ओरडून सांगणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये जे नाव होते, त्याचा अर्थच मुळी ‘भुंकणारा’ असा होता. एस्कोफिए यांनी ते पद ठेवले, नाव बदलून ‘घोषणा करणारा’ असे केले आणि त्याला आवाज खाली ठेवायला सांगितले. स्वतःला राग अनावर झाला तर ते काही काळ भटारखान्याबाहेर निघून जात. घाई असावी पण गोंगाट नसावा, हे त्यांचे सूत्र होते.

बाहेर लंडनचे उच्चभ्रू जग सॅव्हॉयकडे लोटू लागले. कुलीन स्त्रियांनी चारचौघांत बाहेर जेवणे तोवर शिष्टसंमत नव्हते. रिट्झ आणि एस्कोफिए यांच्या दालनात त्या उजळ माथ्याने येऊ लागल्या. ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा हिच्यासाठी एस्कोफिए यांनी बर्फात कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्ये व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच मांडून पेश केले. ती ज्या ‘लोएनग्रिन’ या संगीतिकेत गात होती, तिच्यातल्या हंसाचा हा संदर्भ. रासबेरीचा गर त्यात पुढे आला आणि ‘पीच मेल्बा’ जगभर गेले. इंग्रज बेडकाला नाक मुरडतात हे ठाऊक असल्याने युवराजांच्या मेजवानीत त्यांनी बेडकाच्या तंगड्या ‘उषेच्या अप्सरा’ अशा नावाखाली वाढल्या आणि त्या आवडीने खाल्ल्या गेल्या. शिल्पकार व्हायचे राहून गेलेल्या माणसाला साखर, बर्फ आणि शब्द हे तिन्ही माध्यम म्हणून सापडले होते.

आणि मग 8 मार्च 1898 उजाडला. त्या दिवशी सॅव्हॉयच्या संचालकांनी रिट्झ, त्यांचे सहव्यवस्थापक आणि एस्कोफिए यांना तडकाफडकी काढून टाकले. भटारखान्यातले फ्रेंच आणि स्विस आचारी खवळले, हातघाईवर आले आणि पोलिसांना बोलवावे लागले. बाहेर चर्चा झाली ती गैरव्यवस्थापनाची. खरे कारण दडपले गेले. हजारो पौंडांच्या मद्याचा हिशेब लागत नव्हता. पुरवठादारांकडून माल घेताना एस्कोफिए दलाली घेत होते आणि तिची भरपाई म्हणून पुरवठादार हॉटेलला कमी माल देत होते. जानेवारी 1900 मध्ये त्यांनी लेखी कबुली दिली. त्यांच्या नावे आठ हजार पौंडांहून अधिक देणे निघाले. प्रत्यक्षात त्यांनी पाचशे पौंड भरले, कारण तेवढेच त्यांच्यापाशी होते. सर्व पक्षांनी मौन पाळले आणि ही कागदपत्रे 1980 च्या दशकात उजेडात आली.

चरित्रकाराने या प्रकरणावर पांघरूण घालू नये. पुरवठादारांनी शेफला टक्केवारी देण्याची प्रथा त्या धंद्यात सर्रास होती, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु धंद्यातल्या वाईट प्रथा मोडून काढण्यासाठीच जो उभा राहिला, त्याने हीच एक प्रथा तेवढी जपावी, हे समर्थन टिकत नाही. एवढे मात्र मान्य करावे लागेल, की भटारखान्याला त्यांनी लावलेली शिस्त त्यांच्या या स्खलनाने खोटी ठरली नाही. जगाला ज्या वेळी ते ठाऊक नव्हते, त्या वेळी ती जगाने स्वीकारली. आणि ठाऊक झाल्यावर कोणी ती टाकून दिली नाही.

जगाच्या लेखी तर कीर्ती अबाधितच होती. जून 1898 मध्ये पॅरिसच्या व्हाँदोम चौकात रिट्झ हॉटेल उघडले, 1899 मध्ये लंडनला कार्लटन. कार्लटनच्या भटारखान्यात साठ आचारी होते आणि तिथे एस्कोफिए 1920 पर्यंत राहिले. 1902 मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक राजाच्या आजारामुळे ऐन वेळी पुढे ढकलला गेला. महिनोन्‌महिने केलेली तयारी वाया गेली आणि रिट्झ यांचे मन कोसळले ते कायमचेच. जोडीदार गेला तरी चूल विझली नाही. कार्लटनच्या जागी नंतर उभ्या राहिलेल्या इमारतीवरील एक फलक सांगतो, की व्हिएतनामचे भावी नेते हो चि मिन्ह 1913 मध्ये या हॉटेलात कामाला होते.

1903 मध्ये एस्कोफिए यांचा ‘ल गीद क्युलिनेर’ हा ग्रंथ सहकाऱ्यांच्या साह्याने प्रसिद्ध झाला. पाच हजारांहून अधिक पाककृती, त्याही व्यावसायिकाने व्यावसायिकांसाठी आटोपशीरपणे लिहिलेल्या. त्यांच्या आधीचे थोर पाकशास्त्री कारेम यांनी फ्रेंच पाककलेला वैभव दिले होते. पण त्यांच्या मेजवान्यांत साखरेचे मनोरे आणि देवळे उभी राहत. एस्कोफिए यांनी हा पसारा छाटला. ताटात जे आहे ते खाता आले पाहिजे, नुसती सजावट नको, असा त्यांचा आग्रह होता. शेकडो सॉसचे जंगल त्यांनी मोजक्या मूळ सॉसांखाली आणून लावले. आपल्याकडील सुगरणीला हे तत्त्व नवे नाही. एक वाटण हाताशी असले की तिचे चार रस्से होतात. पण तोंडी चालत आलेली विद्या सूत्रबद्ध करून कागदावर आणली, की ती कोणाही होतकरूला शिकता येते. घराण्यांच्या कुलुपातली विद्या त्यांनी शाळेत आणली, असे म्हणता येईल.

या पुस्तकाची वाट पुढे आपल्या दारापर्यंत आली. मुंबईत 1954 मध्ये सुरू झालेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेपासून राज्यभरातल्या केटरिंग महाविद्यालयांपर्यंत, विद्यार्थी पहिल्याच वर्षी मूळ सॉस आणि ‘ब्रिगेड’ शिकतात. पंचतारांकित हॉटेलात ‘कॉमी’ म्हणून लागलेला नाशिक-कोल्हापूरचा मुलगा ज्या हुद्द्यांची शिडी चढत जातो, ती शिडी एस्कोफिए यांच्याच भटारखान्यातली.

आपला धंदा एकसंध व्हावा, ही त्यांची तळमळ होती. 1912 पासून त्यांनी एक विलक्षण प्रयोग आरंभला. एकाच दिवशी, वेगवेगळ्या शहरांतल्या आचाऱ्यांनी एकच ठरलेली मेजवानी सिद्ध करायची. स्पर्धा नव्हे, सहभोजन. पण नियम सर्वांना सारखे. महायुद्धाने तो उपक्रम खुंटला. 1910 मध्ये त्यांनी दारिद्र्यनिर्मूलनासाठी परस्परसाह्याची एक योजना पुस्तिकेच्या रूपाने मांडली होती. दमलेल्या, म्हाताऱ्या कष्टकऱ्याला भीक मागावी लागू नये, हा तिचा रोख. लंडनमध्ये वृद्ध निराधारांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या आश्रमाला त्यांच्या भटारखान्यातून नियमाने अन्न जाई. मेत्झचा पहिला धडा ते विसरले नव्हते.

महायुद्धाने घरातही हात घातला. मुलगा दानिएल 1914 च्या नोव्हेंबरात आघाडीवर मारला गेला. पत्नी माँटे कार्लोला, ते लंडनला, अशी जवळपास तीस वर्षे गेली होती. 1920 मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी ते कायमचे घरी परतले. राजे-महाराजांना जेवू घालणाऱ्या या माणसापाशी मोठी संपत्ती नव्हती. सन्मान मात्र आले. फ्रेंच सरकारने ‘लेजियाँ द ऑनर’ बहाल केला आणि 1928 मध्ये त्यात बढती दिली. आचाऱ्याला असा मान मिळणे ही अपूर्वाई होती. त्याच वर्षी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात जगभरच्या शेफ-संघटनांचा महासंघ स्थापन झाला आणि एस्कोफिए त्याचे पहिले मानद अध्यक्ष झाले. व्यावसायिक पाकस्पर्धांचे नियम ठरवणे आणि परीक्षक प्रमाणित करणे हे या महासंघाचे आजचे एक काम आहे. 12 फेब्रुवारी 1935 रोजी माँटे कार्लो येथे, पत्नीच्या निधनानंतर सहाच दिवसांनी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

आता पुन्हा पडद्याकडे पाहू. ‘टॉप शेफ’मध्ये स्पर्धकांचे दोन गट एका रात्रीपुरते उपाहारगृह उभारतात, तेव्हा कोण प्रमुख, कोण मासळीवर, कोण गोडावर हे आधी ठरते. जो गट ही वाटणी नीट करतो तो बहुधा तरतो. ताटात न खाता येणारी शोभा दिसली की परीक्षक कपाळाला आठ्या घालतात. ही सारी एस्कोफिए यांचीच शिकवण. त्यांच्या मर्यादाही काळाने ओलांडल्या. त्यांच्या पलटणीत पुरुषच असत. ‘टॉप शेफ’चे अजिंक्यपद 2008 मध्ये स्टेफनी इझार्ड या स्त्रीने पटकावले.

एक गोष्ट मात्र उलटी फिरली. अमेरिकेत 2005 मध्ये आलेल्या ‘हेल्स किचन’ने आचाऱ्यांवर ओरडणे, त्यांचा पाणउतारा करणे हाच खेळ केला आणि तो अफाट लोकप्रिय झाला. प्रेक्षकांची समजूत अशी झाली, की अस्सल भटारखाना असाच असतो. आणि काही तरुण शेफही तसेच वागू लागले. वास्तविक तो असा होता, 1859 मध्ये, नीसमध्ये, तेरा वर्षांच्या एका मुलाच्या वाट्याला आला तेव्हा. त्याला तसा राहू न देण्यासाठीच त्या मुलाने साठ वर्षे खर्ची घातली. अनेक भटारखान्यांत आजही शांतपणे, एकमेकांची अदब राखून काम चालते. तिथे कॅमेरा सहसा जात नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही घडत नाही. जेवण तेवढे वेळेवर आणि गरम बाहेर येते.